सर्व्हर बंद न करता कॉन्फिग बदलायचं कसं: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

प्रॉडक्शनवर एक बग अधूनमधून डोकं वर काढतोय. तो पकडायला लॉगची पातळी 'इन्फो'वरून 'डीबग' करायची आहे, म्हणजे कॉन्फिग फाइलमधला एक शब्द बदलायचा, इतकंच. पण त्यासाठी सर्व्हर बंद-चालू केला तर चालू रिक्वेस्ट तुटतात, मेमरीतली कॅशे रिकामी होते, डेटाबेसची कनेक्शन्स पुन्हा उघडावी लागतात. सगळ्यात वाईट म्हणजे, ज्या अवस्थेत बग दिसत होता ती अवस्थाच पुसली जाते. डीबग लॉग सुरू, बग गायब.

म्हणून चालत्या प्रोसेसलाच नवं कॉन्फिग घ्यायला लावायचं. यालाच रीलोड म्हणतात. पहिल्यांदा करणाऱ्याला वाटतं, फाइल परत वाचली की झालं. वाचणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग आहे. हजारो रिक्वेस्ट चालू असताना जुन्या कॉन्फिगवरून नव्यावर यायचं, आणि मधल्या एकाही क्षणी अर्धं जुनं अर्धं नवं असं होऊ द्यायचं नाही, यातच सगळी मेख आहे.

सुरू करण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: आपल्याला हे खरंच हवंय का? ॲपच्या पाच-सहा प्रती लोड बॅलन्सरमागे (रिक्वेस्ट वाटून देणाऱ्या सर्व्हरमागे) चालत असतील आणि एकेक प्रत पाळीपाळीने रीस्टार्ट करणं दोन मिनिटांचं काम असेल, तर माझ्या मते तेच करा. रीलोडचा कोड म्हणजे सांभाळायला आणखी एक कोड. एकच सर्व्हर आहे, पुन्हा भरायला वेळ घेणारी मोठी कॅशे आहे, लांबलचक चालणारी कनेक्शन्स आहेत, किंवा सेटिंग दिवसातून अनेकदा बदलतं, अशा ठिकाणी मात्र रीलोडला पर्याय नाही.

पायरी १: कुठलं सेटिंग बदलता येईल ते ठरवा

कॉन्फिग फाइल उघडा आणि प्रत्येक ओळीबद्दल विचारा: ही किंमत कोडमध्ये नेमकी कधी वाचली जाते?

काही किमती दरवेळी वापरतानाच वाचल्या जातात: लॉगची पातळी, टाइमआउट, रेट लिमिट, एखादं फीचर चालू-बंद करणारा फ्लॅग. यांचं रीलोड सोपं. काही किमती सुरुवातीला एकदा वाचून त्यांतून काहीतरी उभं केलं जातं: डेटाबेसचा कनेक्शन पूल (आधीच उघडून ठेवलेल्या कनेक्शन्सचा साठा), एचटीटीपी क्लायंट, टीएलएस सर्टिफिकेट. इथे फाइलमधला आकडा बदलला तरी उभा केलेला पूल जुनाच राहतो. तो नव्याने बांधावा लागतो. आणि काही किमती प्रोसेसच्या पायातच असतात, उदाहरणार्थ ऐकायचा पोर्ट किंवा डेटाची डिरेक्टरी. त्यांच्या वाटेला जाऊ नका, रीस्टार्टवर सोडा.

पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसने हे काम फार नीट केलंय. त्याच्या 'पीजी_सेटिंग्ज' या व्ह्यूमध्ये प्रत्येक सेटिंगपुढे 'कॉन्टेक्स्ट' नावाचा रकाना आहे. तिथे 'पोस्टमास्टर' लिहिलं असेल तर रीस्टार्ट लागतो. 'शेअर्ड_बफर्स', 'मॅक्स_कनेक्शन्स' आणि 'पोर्ट' यांतले. 'चेकपॉइंट_टाइमआउट'पुढे मात्र 'सिगहप' (रीलोडचा सिग्नल, त्याबद्दल पायरी ४ मध्ये) दिसतं, म्हणजे रीलोड पुरतो. शिवाय 'पेंडिंग_रीस्टार्ट' असा आणखी एक रकाना आहे. फाइलमध्ये बदल केला, रीलोडही केला, पण रीस्टार्टशिवाय तो लागू होणार नाही, असं तो सांगतो. हीच कल्पना आपल्या ॲपमध्ये उचला. रीलोडच्या वेळी पोर्ट बदललेला दिसला तर गप्प राहू नका, लॉगमध्ये लिहा: 'पोर्ट बदलला आहे, रीस्टार्टपर्यंत जुनाच वापरला जाईल.'

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो, कारण नवे लोक हमखास इथे अडकतात. हे व्हेरिएबल प्रोसेस सुरू होताना तिला मिळतात. नंतर शेलमध्ये किती वेळा बदला, चालत्या प्रोसेसला त्याचा पत्ता लागत नाही. म्हणजे जे चालू असताना बदलायचंय ते फाइलमध्ये हवं किंवा बाहेरच्या एखाद्या कॉन्फिग स्टोअरमध्ये.

पायरी २: सगळं कॉन्फिग एकाच ऑब्जेक्टमध्ये ठेवा आणि तो ऑब्जेक्ट कधीच बदलू नका

शीर्षक विचित्र वाटेल. कॉन्फिग बदलायचंय आणि म्हणे ऑब्जेक्ट बदलू नका! पण हाच या लेखाचा कणा आहे, म्हणून उदाहरण घेऊ.

रेट लिमिटची दोन सेटिंग आहेत: किती रिक्वेस्ट आणि किती सेकंदांत. आज ती ६० सेकंदांत १०० अशी आहेत. तुम्ही ती १ सेकंदात १० अशी करता. रीलोडचा कोड आधी पहिला आकडा बदलतो, मग दुसरा. त्या दोन ओळींच्या मध्ये दुसऱ्या थ्रेडवर एक रिक्वेस्ट येते. तिला दिसतं: ६० सेकंदांत १०. जे जुन्या फाइलमध्ये नव्हतं आणि नव्यातही नाही, असं तिसरंच कॉन्फिग क्षणभर जन्माला आलं, आणि बिचाऱ्या ग्राहकाला विनाकारण नकार मिळाला. लॉगमध्ये शोधायला गेलात तर काही सापडणार नाही. फाइल दोन्ही वेळेस बरोबरच होती.

यावरचा तोडगा असा: नवा ऑब्जेक्ट बाजूला पूर्ण तयार करायचा आणि शेवटी फक्त एक संदर्भ, म्हणजे चालू कॉन्फिग कुठलं ते दाखवणारं व्हेरिएबल, जुन्यावरून नव्याकडे वळवायचा. हे वळवणं अखंड असलं पाहिजे, म्हणजे मधली अर्धवट अवस्था कोणालाच दिसता कामा नये. गोमध्ये त्यासाठी ॲटॉमिक पॉइंटर आहे (आवृत्ती १.१९ पासून जेनेरिक रूपात), जावात 'व्होलाटाइल' फील्ड किंवा 'ॲटॉमिकरेफरन्स'. पायथनमध्ये एका नावाला नवा ऑब्जेक्ट देणं हे अखंडच घडतं.

पण अर्धं काम अजून बाकी आहे. रिक्वेस्ट हाताळणाऱ्या कोडने कॉन्फिग एकदाच घ्यायचं, सुरुवातीला, स्थानिक व्हेरिएबलमध्ये, आणि शेवटपर्यंत तेच वापरायचं. दर ओळीला ग्लोबल संदर्भाकडे धाव घेतली तर पहिली ओळ जुनं वाचेल, पाचवी ओळ नवं. 'आमच्याकडे नोड (जावास्क्रिप्टचा सर्व्हर) आहे, एकच थ्रेड, आम्हाला काय त्याचं' असं म्हणणाऱ्यांनीही सावध राहावं. मध्ये एक 'अवेट' आला की तेवढ्या वेळात रीलोड होऊन जाऊ शकतो.

याच्या उलटही एक चूक असते, आणि 'रीलोड झालं म्हणतोय पण फरक काहीच नाही' या तक्रारीमागे बहुतेक वेळा तीच निघते. कुठल्यातरी क्लासच्या कन्स्ट्रक्टरमध्ये कॉन्फिगमधून टाइमआउट काढून स्वतःच्या फील्डमध्ये ठेवलेला असतो. तो ऑब्जेक्ट ॲपच्या आयुष्यभर जगतो आणि त्याच्याकडची प्रतही. संदर्भ वळला, पण याला कोणी सांगितलंच नाही. डॉटनेटमध्ये 'आयऑप्शन्स' घेतलं तर किंमत सुरुवातीचीच राहते, 'आयऑप्शन्सस्नॅपशॉट' दर रिक्वेस्टला नवी देतो, आणि 'आयऑप्शन्समॉनिटर' कधीही विचारा, चालू किंमत सांगतो. स्प्रिंगमध्येही 'व्हॅल्यू' ॲनोटेशनने भरलेलं फील्ड आपोआप ताजं होत नाही. स्प्रिंग क्लाउडचा 'रीफ्रेशस्कोप' लावला तर रीफ्रेशनंतर ते बीन नव्याने बनतं. तुमचं फ्रेमवर्क कुठलंही असो, कोडमध्ये 'कॉन्फिग' शोधा आणि कोणी त्यातली किंमत स्वतःकडे साठवून ठेवलीय का, ते एकेक करून बघा. कंटाळवाणं काम आहे, पण टाळू नका.

पायरी ३: वाचा, तपासा, मगच वळवा

सगळा रीलोड साध्या भाषेत लिहिला तर असा दिसतो:

    रीलोड:
        कुलूप लाव (एका वेळी एकच रीलोड)
        मजकूर = फाइल वाच
        नवं = मजकुरातून कॉन्फिग तयार कर
        चुका = नवं तपास
        वाचताना, बनवताना किंवा तपासताना काही बिघडलं तर:
            कारण लॉग कर, अपयशाची मोजणी वाढव, इथूनच परत फिर
        जुनं = चालू
        चालू = नवं
        जुन्या-नव्यातला फरक लॉग कर

'चालू = नवं' ही ओळ किती उशिरा येते ते बघा. तिच्या आधी कुठेही काही फिसकटलं तरी सर्व्हरला त्याची झळ लागत नाही, तो जुन्यावर चालत राहतो. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर हेच करतो. रीलोडचा सिग्नल मिळाला की मास्टर प्रोसेस आधी फाइलचं व्याकरण तपासते, मग नव्या लॉग फाइल आणि सॉकेट उघडून बघते. यातलं काही जमलं नाही तर बदल मागे घेऊन जुन्या कॉन्फिगवरच काम चालू ठेवते.

तपासणी म्हणजे नुसतं 'फाइल पार्स झाली' एवढं नव्हे. आकडा मर्यादेत आहे का? शून्य सेकंदांचा टाइमआउट म्हणजे 'लगेच' की 'कधीच नाही'? कमाल किमान आकड्यापेक्षा मोठा आहे ना? अनोळखी की दिसली तर चूक म्हणून नाकारा. नाहीतर स्पेलिंग चुकलेलं सेटिंग निमूट दुर्लक्षित होतं आणि डीफॉल्ट किंमत लागू होते. कॉन्फिग यॅमल या फॉरमॅटमध्ये लिहीत असाल तर एक जुना सापळा लक्षात ठेवा: यॅमल १.१ च्या नियमांनी अवतरणाशिवाय लिहिलेला 'नो' हा शब्द बूलियन 'फॉल्स' होतो. देशांच्या कोडच्या यादीत नॉर्वे असेल तर तो असा गायब होतो. आणि कीच्या नावातच एकक लिहा. 'टाइमआउट: ३०' हे सेकंद की मिलिसेकंद, यावर रात्री दोन वाजता डोकं लावायची वेळ येऊ नये.

'कॉन्फिगच तर आहे, कोड थोडाच आहे' या समजुतीची किंमत जगाने १९ जुलै २०२४ ला मोजली. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या विंडोजवरच्या सेन्सरला (मशीनवर पाळत ठेवणाऱ्या प्रोग्रामला) गेलेला तो अपडेट कोडचा नव्हता, शोध-नियमांच्या माहितीचा होता. नव्या माहितीला २१ इनपुट फील्ड अपेक्षित होती, सेन्सरचा कोड २० च देत होता, आणि एकविसावं वाचायला गेल्यावर मेमरीच्या बाहेर पाऊल पडलं. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज मशीन त्यात कोलमडली.

सुरुवातीच्या वेळी आणि रीलोडच्या वेळी चुकीशी वागण्याची पद्धत मात्र वेगळी हवी. सर्व्हर सुरू होतानाच कॉन्फिग चुकीचं असेल तर सरळ सुरू व्हायला नकार द्या. रीलोडच्या वेळी जुनं धरून ठेवा, पण ओरडा. कारण न ओरडता जुनं धरून ठेवलं तर चुकीची फाइल डिस्कवर तशीच पडून राहते, आणि महिन्याभराने भलत्याच कारणाने सर्व्हर रीस्टार्ट झाला की उठतच नाही. तेव्हा कोणालाही आठवत नसतं की ती फाइल कोणी बदलली होती. प्रोमिथियस हे मॉनिटरिंगचं सॉफ्टवेअर यासाठी 'शेवटचा रीलोड यशस्वी झाला का' असं सांगणारं एक मेट्रिक देतं. त्याची किंमत शून्य झाली की अलार्म वाजवायचा. आपल्या ॲपमध्येही असं एक मेट्रिक ठेवा.

पायरी ४: सर्व्हरला कळवायचं कसं

सिग्नल. युनिक्समधली जुनी रीत म्हणजे सिगहप. मुळात तो 'टर्मिनल तुटलं' असं सांगण्यासाठी होता. पार्श्वभूमीत चालणाऱ्या प्रोसेसला टर्मिनल नसतंच, म्हणून तिथे त्याचा वापर 'कॉन्फिग परत वाच' असा रूढ झाला. नव्या माणसाने इथूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे. फाइल बदलणं आणि ती लागू करणं ही दोन वेगळी पावलं राहतात, त्यामुळे मध्ये तपासायला उसंत मिळते.

खबरदारी एवढीच: सिगहपसाठी हँडलर लिहिला नसेल तर त्याचा मूळ परिणाम प्रोसेस मारणं हा आहे. हँडलर असलेली आवृत्ती सर्व्हरवर पोहोचली आहे याची खात्री केल्याशिवाय सिग्नल पाठवू नका. जावाच्या हॉटस्पॉट या व्हर्च्युअल मशीनवर तर सिगहप आला की प्रोसेस रीतसर बंदच व्हायला लागते, म्हणून त्या जगात एचटीटीपीचा रस्ता जास्त दिसतो. हँडलरमध्ये फाइल वाचत बसू नका. एक खूण करा आणि परता, खरं काम नेहमीच्या थ्रेडवर किंवा इव्हेंट लूपमध्ये होऊ द्या.

कंटेनरमध्ये आणखी एक गंमत आहे. तिथे ॲप बहुधा पहिल्या नंबरची प्रोसेस असते, आणि या प्रोसेससाठी हँडलर नसलेला सिग्नल लिनक्स सरळ सोडून देतं. म्हणजे ती मरत नाही आणि रीलोडही होत नाही. शिवाय ॲप शेलमार्फत सुरू केलं असेल तर पहिला नंबर शेलचा असू शकतो, आणि सिग्नल तिथेच अडतो.

सिस्टमडी (लिनक्समध्ये सर्व्हिस सुरू-बंद करणारी यंत्रणा) वापरत असाल तर युनिट फाइलमध्ये 'एक्झेकरीलोड'ची ओळ लिहा, मग 'सिस्टमसीटीएल रीलोड' चालेल. 'डेमन-रीलोड' ही वेगळी गोष्ट आहे, ती सिस्टमडीच्या स्वतःच्या युनिट फाइल परत वाचते. तुमच्या ॲपला तिचा स्पर्शही होत नाही.

फाइलवर नजर ठेवणं. लिनक्समध्ये आयनोटिफायने फाइल बदलली की लगेच कळतं. ऐकायला झकास, पण खाचखळगे भरपूर. पहिला असा की बरेच एडिटर मूळ फाइलमध्ये लिहीत नाहीत, नवी फाइल तयार करून तिला जुन्याचं नाव देतात. तुमची नजर जुन्या आयनोडवर, म्हणजे पुसल्या गेलेल्या फाइलवर खिळलेली राहते. पहिला बदल कळतो, नंतरचे कळत नाहीत. म्हणून फाइलवर नको, तिच्या डिरेक्टरीवर नजर ठेवा. दुसरा खळगा: फाइल लिहून होण्याआधीच खबर येते आणि तुम्ही अर्धीच फाइल वाचता. लिहिणाऱ्याने तात्पुरत्या फाइलमध्ये लिहून मग नाव बदलावं. एकाच फाइलसिस्टमवर नाव बदलणं अखंड असतं. वाचणाऱ्याने शेवटच्या खबरीनंतर क्षणभर थांबून वाचावं, कारण एका सेव्हमागे तीन-चार खबरी सहज येतात.

कंटेनर चालवणाऱ्या कुबरनेटीसमध्ये कॉन्फिगमॅप (कॉन्फिग साठवण्याची तिथली सोय) व्हॉल्यूम म्हणून जोडला असेल तर बदल पॉडमध्ये, म्हणजे चालत्या कंटेनरमध्ये, आपोआप पोहोचतो, पण मिनिटभर किंवा थोडा जास्त वेळ लागू शकतो. 'सबपाथ' वापरून जोडलेल्या फाइलमध्ये तो कधीच पोहोचत नाही, आणि एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून दिला असेल तरीही नाही.

हे सगळं झेपत नसेल तर दर ३० सेकंदांनी फाइल वाचून तिचा हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) आधीच्या हॅशशी ताडून बघा. कोणी हसलं तर हसू द्या. एनएफएसवर (नेटवर्कवरून जोडलेल्या डिस्कवर) दुसऱ्या मशीनने केलेला बदल आयनोटिफायला कळत नाही, ही पद्धत तिथेही चालते.

एचटीटीपी पत्ता. ठरावीक पत्त्यावर पोस्ट रिक्वेस्ट आली की रीलोड. सोपं आहे आणि उत्तरात यश-अपयश लगेच कळतं, जे सिग्नलमध्ये मिळत नाही. तो पत्ता बाहेरच्या जगाला उघडा ठेवू नका, आतल्या पोर्टवर ठेवा. प्रोमिथियसमध्ये ही सोय मुळात बंदच असते, मुद्दाम चालू करावी लागते. आणि एका मशीनवर चार वर्कर प्रोसेस चालत असतील तर ती रिक्वेस्ट एकाच वर्करला मिळते. बाकीचे तीन जुन्यावरच राहतात, आणि मग 'कधी चालतं, कधी नाही' असा वैताग सुरू होतो. अशा रचनेत मुख्य प्रोसेसला सिग्नल देऊन तिच्याकडून वर्कर बदलून घेणंच बरं. गनिकॉर्न हा पायथनचा सर्व्हर सिगहप मिळाल्यावर तसंच करतो.

पायरी ५: उभ्या केलेल्या गोष्टी बदलणं

कनेक्शन पूलचा आकार किंवा डेटाबेसचा पत्ता बदलला तर आधी नवा पूल बांधा, त्यातून एक साधी क्वेरी चालवून बघा, मग संदर्भ वळवा. जुना पूल लगेच बंद करू नका, त्यातून कनेक्शन घेतलेल्या रिक्वेस्ट अजून चालू असतात. नवी कनेक्शन्स देणं थांबवा, चालू असलेली परत येऊ द्या, आणि ठरावीक मुदतीनंतर उरलेली बंद करा.

इथे एक हिशोब आधी करून ठेवा. पूल ५० चा असेल तर बदलाच्या काळात जुने ५० आणि नवे ५० असे १०० होऊ शकतात. पोस्टग्रेसक्यूएलची डीफॉल्ट कमाल मर्यादा १०० आहे आणि त्यातली ३ सुपरयूजरसाठी राखीव असतात. म्हणजे नवा पूल बांधतानाच नकार मिळणार. नवा पूल छोटा सुरू करून हळूहळू वाढवा.

मुदत हवीच, याचं कारण एनजिनएक्समध्ये दिसतं. रीलोडनंतर जुने वर्कर हातातली कनेक्शन्स संपेपर्यंत जगतात. वेबसॉकेटसारखी तासन्‌तास चालणारी कनेक्शन्स असतील आणि तुम्ही वरचेवर रीलोड करत असाल, तर जुन्या वर्करचा ढीग साचतो आणि मेमरी भरते. 'वर्कर_शटडाउन_टाइमआउट' हे सेटिंग त्यासाठीच आहे.

पायरी ६: नेमकं काय लागू आहे ते दिसू द्या

प्रत्येक यशस्वी रीलोडनंतर लॉगमध्ये फक्त फरक लिहा: कुठली की, जुनी किंमत, नवी किंमत. पासवर्ड आणि टोकन झाकून. चालू कॉन्फिगचा हॅश आणि तो लागू झाल्याची वेळ हेल्थ-चेकच्या पत्त्यावर दाखवा. सर्व्हर पाच असतील तर पाचही हॅश एकसारखे आहेत का ते एका नजरेत कळतं. बदल मात्र पाचांवर एकदम सोडू नका. आधी एकावर, थोडा वेळ त्याचे चुकांचे आकडे बघा, मग बाकीच्यांवर.

आता चाचणी. टेस्ट सर्व्हरवर सतत रिक्वेस्टचा मारा चालू ठेवा आणि एका लूपमधून दर सेकंदाला दोन वैध कॉन्फिगमध्ये आलटून पालटून रीलोड करा. प्रत्येक उत्तरात वापरलेली दोन्ही आकड्यांची जोडी छापा. ६० सेकंदांत १०० किंवा १ सेकंदात १० याखेरीज तिसरी जोडी एकदाही दिसली तर पायरी २ मध्ये कुठेतरी गळती आहे. मग मुद्दाम मोडकी फाइल ठेवा, रिकामी फाइल ठेवा, फाइलच पुसून टाका, वाचायची परवानगी काढून घ्या. दरवेळी एकही रिक्वेस्ट पडता कामा नये, हॅश जुनाच राहिला पाहिजे आणि अलार्म वाजला पाहिजे. अलार्म खरंच वाजतो का हे बघायला लोक विसरतात, तेवढं आवर्जून बघा.